बापाचं पाणी

गुलाबांच्या गावात जन्माला यायचं आणि नाक मात्र कायमचं बंद घेऊन यायचं, याला नशिबाची थट्टा नाही तर काय म्हणायचं? आमच्या ग्युलेवोत मे महिना आला की डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत सगळं शिवार गुलाबी होतं. बसमधून उतरणारा पाहुणा वासानंच दोन पावलं मागं सरतो. आणि या सगळ्या वासाचं तेल काढणाऱ्या भट्टीवर जाळ सांभाळायला कोण? तर रांगेल, ज्याला उभ्या जन्मात गुलाबाचा वास कसा असतो ते कळलेलं नाही.

अर्थात गावाला हे ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं की रांगेलला बारमाही सर्दी असते, तो सारखा खोकतो आणि त्याचं हृदय उजवीकडं आहे. हृदयाची गोष्ट तर सगळ्यांना तोंडपाठ होती. सैन्यात भरतीला गेला तेव्हा डॉक्टरनं त्याच्या डाव्या छातीला नळी लावली, ऐकू काही येईना. नळी झटकली, पुन्हा लावली, आणि शेवटी म्हणाला, "गड्या, माझ्या हिशेबानं तू मेलेला आहेस." रांगेलनं गुपचूप नळी धरून उजवीकडं सरकवली. लेक नेदा लहान असताना एकदा बापाच्या छातीवर डोकं ठेवून झोपायला गेली, डावीकडं कान लावला, आणि "ताते मेला, ताते मेला!" असं ओरडत अंगणात पळत सुटली. ताते म्हणजे बाप. शेजारच्या बायका डोक्यावरचे रुमाल सावरत, रडायची तयारी करूनच आल्या होत्या. रांगेल दारात उभा राहून त्यांना राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, घेणार का विचारत होता.

नाकाचं गुपित मात्र भट्टीवरच्या एकट्या म्हाताऱ्या किना आजीला ठाऊक होतं. आमची भट्टी जुनी, तांब्याच्या हंड्यांची, लाकडावर चालणारी. हंड्यात पाकळ्या आणि पाणी, खाली जाळ. जाळ कमी पडला तर तेल सुटत नाही, जास्त झाला तर पाकळ्या बुडाला लागतात आणि सगळं गुलाबपाणी करपट होतं. रांगेल हंड्याच्या मानेला हात लावून बराचसा अंदाज घ्यायचा, आणि उरलेलं काम आजीचं नाक करायचं. आजी दाराशी स्टुलावर बसून पाकळ्या निवडायची आणि मध्येच म्हणायची, "रांगेल, माझ्या गुडघ्याला ऊन लागतंय रे." म्हणजे जाळ कमी कर. "थंडी वाजतेय" म्हणजे एक ओंडका सार. भर मे महिन्यात म्हातारीला थंडी कशी वाजते, हे विचारायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. आमचं गाव तसं भोळंच.

हंगामातलं पहिलं पाणी गळायला लागलं की सगळे रांगेलच्या तोंडाकडं बघायचे. तो ओंजळ नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा, मान मागं टाकायचा आणि म्हणायचा, "अहाऽ!" हा 'अहा' त्यानं आपल्या बापाचं बघून उचलला होता. इतका झकास जमायचा की नाक असलेल्या माणसांना लाज वाटावी.

तर या रांगेलला या हिवाळ्यात खोकल्यानं पार आडवा केला. बायको तोत्कानं त्याला घोंगडीत गुंडाळून शहराच्या बसमध्ये बसवला आणि मोठ्या इस्पितळात नेऊन टाकला. तिथं लिलोव नावाचा एक तरुण डॉक्टर होता. रांगेलचं उजवं हृदय बघून त्याचे डोळे असे चमकले की रांगेलला वाटलं, आता हा आपल्याला ठेवूनच घेतो. लिलोवनं त्याच्या नाकातून काहीतरी खरवडून काढलं, ते कुठल्या तरी मोठ्या यंत्राखाली धरलं, आणि बऱ्याच दिवसांनी, रांगेल बरा होऊन निघायच्या बेतात असताना, एक फोटो घेऊन आला. फोटोत राखाडी गोल होता आणि त्या गोलात छोट्या छोट्या टिकल्या.

"हे बघा, रांगेलदादा. आपल्या नाकात आणि छातीत बारीक केस असतात, डोळ्याला न दिसणारे. ते रात्रंदिवस वल्हवत असतात, धूळ आणि कफ बाहेर लोटतात. हा तुमच्या एका केसाचा आडवा काप. या टिकल्या म्हणजे नळ्या आहेत, केसाच्या लांबीभर गेलेल्या. चांगल्या माणसात प्रत्येक नळीला इवले हात असतात. प्रथिनाचेच, पण काम यंत्राचं. एक नळी हातानं शेजारणीला धरते, ओढते, सोडते, पुन्हा धरते. त्या ओढाओढीनं केस वाकतो आणि वल्हं मारलं जातं."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात नळ्या आहेत, हात नाहीत."

रांगेलनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. जाळानं रापलेले, चांगले दणकट होते. "मग मी काम कसं करतो?"

डॉक्टर हसला. "तसे हात नव्हेत हो. असं बघा, प्रत्येक पेशीत प्रथिनांचे असे मजूर असतात. कुणी ओझं घेऊन पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखर पावलं टाकत चालतात, कुणी स्नायू आवळतात. तुमचे ते मजूर ठाकठीक आहेत. फक्त केस हलवणारी ही एक टोळी बिनहाताची जन्मली. म्हणून कफ साठतो, म्हणून खोकला, म्हणून नाक बंद."

"आणि हृदय? ते का तिकडं गेलं?"

"आईच्या पोटात अगदी सुरुवातीला असेच केस भिरभिरत असतात आणि डावं कुठलं ते तेच ठरवतात, असा एक अंदाज आहे. तुमच्यात भिरभिरायला कुणी नव्हतं. मग हृदयाला कुठं बसायचं ते सांगणार कोण? नाणं उडवावं तसा प्रकार. तुमचं उजवीकडं पडलं. हाच दोष असलेल्या निम्म्या लोकांचं डावीकडंच पडतं, सगळ्यांसारखं. त्यांना कळतही नाही बिचाऱ्यांना."

"आणि हे मलाच का?"

"आई आणि बाप, दोघांकडूनही यावं लागतं. एकाकडूनच आलं तर काही होत नाही. लहान गावात सगळेच लांबून नातेवाईक असतात ना, तिथं असं जुळून येतं."

"आमच्या गावात कुणाचीही आजी धरा, ती माझ्या आजीची चुलतबहीण निघते," रांगेल म्हणाला. त्याला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ज्याला तो आपला नालायकपणा समजत होता त्याला आता नळ्या होत्या, टोळी होती, फोटो होता.

मग डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "आणि मूल झालं नाही याचंही वाईट वाटून घेऊ नका. पुरुषाच्या बीजाला शेपटी असते, तिच्यातही हेच हात असतात. हातच नसले तर ते पोहणार कसं?"

"मला मुलगी आहे," रांगेल म्हणाला.

डॉक्टरनं खांद्यावरचा हात काढला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हो का? वा. चांगलं आहे. देवाची कृपा."

"होऊ शकतं ना, डॉक्टरसाहेब?"

"क्वचित होतं. एखाद्याच्या टोळीत थोडे हात शिल्लक असतात. वाचलंय मी कुठंतरी." हे त्यानं फोटोकडं बघत सांगितलं, रांगेलकडं बघून नव्हे.

परतीच्या बसमध्ये रांगेल बसला तो ठोंब्यासारखा. हात नाहीत म्हणून शेपटी हलत नाही, शेपटी हलत नाही म्हणून बीज पोचत नाही. बीज पोचलं नाही तर नेदा कुठून आली? क्वचित होतं, असंही तो म्हणाला. पण म्हणताना त्याचं तोंड कसं झालं होतं! मेलेल्या माणसाच्या घरी 'झोपेत गेला, त्रास झाला नाही' म्हणतात, तसं. रांगेलला एकदम इतकं एकटं वाटलं की शेजारच्या अनोळखी बाईला त्यानं उगाच वेळ विचारली.

मग त्याला बोझिनोव आठवला, आणि आठवला तो काही डोक्यातून उतरेना. बोझिनोव म्हणजे सरकारी नाक. हंगामात तेल पारखायला राजधानीहून यायचा आणि गावात बरं घर म्हणून रांगेलकडंच उतरायचा. नेदाच्या जन्माच्या आधीही यायचा, नंतरही बरीच वर्षं आला. गोरा, उंच, पांढऱ्या रुमालाचा माणूस. रांगेल पहाटेपासून भट्टीवर, आणि बोझिनोवचं काम दुपारी सुरू व्हायचं. सकाळभर तो घरीच असायचा. इतक्या वर्षांत या गोष्टीत रांगेलला काही वावगं दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना.

घरी आल्यावर तो लेकीला निरखायला लागला. नेदा चोविशीची, गावच्या बालवाडीत शिकवायची, आणि जूनच्या पहिल्या रविवारी तिचं स्पास सुताराशी लग्न ठरलं होतं. नेदा उंच होती, बोझिनोवही उंच. पण तोत्काचा भाऊही उंचच की! नेदा डावखुरी. बोझिनोव डावखुरा होता का? तो तेलाची कुपी कुठल्या हातानं नाकाशी धरायचा ते आठवत रांगेल गोठ्यात बसून राहायचा. एकदा उजवा हात दिसायचा, एकदा डावा, आणि मग दोन्ही हातांत कुप्या घेतलेला बोझिनोव दिसायचा. नेदाचं हृदय डावीकडं होतं, साऱ्या जगासारखं. मग आपलं असं तिच्यात आलं तरी काय? बाहीत रुमाल ठेवायची सवय? ती काय रक्तातून येते? शाळेपासून तिला खोकला होता, पण त्याचंही कारण घरात ठरलेलं होतं. "पोरीला त्या धुरात नेऊन नेऊन तूच तिचा घसा घालवलास," असं तोत्का वर्षातून शंभरदा ऐकवायची.

एका सकाळी तोत्का टेबलावर बनित्साची, म्हणजे चीज भरून भाजायच्या वळकटीची, पोळी ताणून ताणून कागदासारखी पातळ करत होती. रांगेल तिच्यासमोर येऊन बसला.

"तो बोझिनोव हल्ली कुठं असतो ग?"

"कोण बोझिनोव?"

"अग तो नाकवाला. आपल्याकडं उतरायचा तो."

तोत्काचे हात थांबले. थांबले की पोळी फाटू नये म्हणून सावकाश झाले? "तो होय! म्हातारा झाला असेल, नाहीतर मेला असेल. का रे?"

"सहज."

"तू आणि सहज? तू शिंकतोस तेही सहज नाही, आधी दहा मिनिटं तोंड वाकडं करतोस."

"माणूस कसा होता?"

"शिष्ट! माझ्या रश्शात लसूण जास्त आहे हे फाटकातूनच सांगायचा. एकदा मी विचारलंच, म्हटलं, बोझिनोव, तुझ्या बायकोला तू घरात घेतोस का आधी धुऊन वाळत घालतोस?" आणि तोत्का खदखदून हसली.

हेच हसू रांगेलनं सगळा संसारभर ऐकलं होतं. आता त्याला कळेना, या हसण्यात नवं काही आहे की जुनंच काही त्याला आजवर ऐकू आलं नव्हतं. तिचं तोंड लाल झालं होतं. शेगडीमुळं की आठवणीमुळं? 'तोत्का, नेदा माझी आहे ना?' हे वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलं. ते बोललं आणि ती 'हो' म्हणाली तर तो विश्वास ठेवणार होता का? आणि नुसतं विचारलं म्हणून तिनं लाटणं त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि योग्यच केलं असतं.

तोत्कानं पोळी सोडली आणि पिठाचे हात कमरेवर ठेवले. "शहरातून आल्यापासून तुझं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरनं वाईट सांगितलं का? खरं बोल, रांगेल." तिचे डोळे भरून आले होते.

"नाही ग. माझ्यात हात नाहीत म्हणाला."

"काय नाहीत?"

"हात. बारीक. नाकात."

तोत्कानं पुढं वाकून त्याचं तोंड हुंगलं. "नाकात हात," ती म्हणाली. "रांगेल, सकाळी सकाळी प्यायला सुरुवात केलीस का?"

असा तो प्रयत्न फसला. दिवस जात होते, गुलाबांना कळ्या धरत होत्या, आणि रांगेलपुढं खरा पेच वेगळाच होता. आमच्या गावात लग्नाच्या तीन दिवस आधी नवरीला 'बापाचं पाणी' द्यायचं असतं. नवरीनं स्वतः तोडलेले गुलाब, आणि हंडा चढवायचा तो एकट्या बापानं. त्या वेळी भट्टीत दुसरं कुणी पाऊल टाकत नाही, मदत तर सोडाच. त्या पाण्यानं बापासमोर नवरी तोंड धुते आणि मग बायकांमध्ये येते. बायका तिच्या गालांचा वास घेतात आणि म्हणतात, बापाची लेक आहे. ते म्हटल्याशिवाय पोर घर सोडत नाही. बाप मेलेला असेल तर काका हे करतो. बाप खरा आहे की नाही हेच माहीत नसेल तर कुणी करायचं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तो किना आजीकडं गेला. "आजी, बापाचं पाणी काकानं काढलं तर?"

"तुझ्या भावानं? त्याला चहाचं पाणी तापवता येत नाही. आणि तू काय मेलायस?"

"मेलो नाही. पण समजा बाप जिवंत आहे, आणि तरी..."

"तरी काय?"

"तरी त्याला वाटतं की आपण करू नये."

आजीनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "नाकाची भीती वाटतेय होय? मी आत नसणार म्हणून? अरे, इतकी वर्षं तांब्याला हात लावतोयस. हात सांगेल. फक्त त्या वेळी दुसरा कसला विचार करू नकोस म्हणजे झालं."

म्हातारीचा सल्ला लाखाचा होता. पाळता आला असता तर.

गुरुवारी पहाटे नेदानं तोडलेले गुलाब टोपल्यांतून आले. रांगेलनं हंडा भरला, झाकण लिंपलं, जाळ घातला आणि समोर बसला. बाहेर अंगणात बायका गात होत्या. तो हंड्याच्या मानेवर हात ठेवून होता, पण मन कुठं थाऱ्यावर होतं? आपण हे खोटं पाणी काढतोय का? आणि खोटं असेल तर पाप कुणाचं? आपलं, तोत्काचं, की त्या बिनहाताच्या टोळीचं? मग त्याला आठवलं, नेदाला कांजिण्या झाल्या तेव्हा तिनं आपल्याशिवाय कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. ते खरं होतं. मग बोझिनोव कसा खरा? आणि बोझिनोव खरा असेल तर कांजिण्यांचं काय करायचं? विचार असा गोल फिरत होता आणि प्रत्येक फेरीला त्याचा दुसरा हात आपोआप एक ओंडका सारत होता. तांबं हाताला चटका देत होतं. चटका बसतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पाणी गळलं. त्यानं ते मातीच्या सुरईत भरलं आणि घराच्या मधल्या खोलीत आणलं. नेदा पांढऱ्या सदऱ्यात, केस मागं बांधून उभी होती. दार लोटलं. त्यानं पाणी ओतलं, तिनं ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं, गालांवरून, मानेवरून फिरवलं. मग डोळे मिटले, मान मागं टाकली.

"अहाऽ! ताते, काय वास आहे! असं पाणी गावात कुणाच्याच बापानं काढलं नसेल."

तेवढ्यात दार उघडलं. सगळ्यांत पुढं किना आजी, मागं तोत्का आणि तिच्या मागं दहाबारा बायका. आजीनं नेदाचा गाल हुंगायला मान पुढं केली आणि तशीच मागं घेतली. बायकांचं गाणं मध्येच तुटलं. एकीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं.

"अग बाई!" तोत्का ओरडली. "रांगेल! काय जाळलंस? कुत्र्याचं कातडं?"

रांगेलला काही कळेना. त्यानं सुरईत बघितलं. पाणी पाण्यासारखंच होतं.

"करपलंय पार," किना आजी हळूच म्हणाली. "बुडाला लागलंय."

"आणि पोर बिचारी बापाची लाज राखायला अहा म्हणाली," मागून एक बाई कळवळून म्हणाली. "बाहेर ऐकलं मी. गुणाची ग बाई!"

सगळ्यांनी नेदाकडं मायेनं बघितलं. रांगेलनंही बघितलं. पण नेदाच्या तोंडावर लाज राखणाऱ्या माणसाचा भाव नव्हता. ती गोंधळून आपले तळवे नाकाशी नेत होती, पुन्हा हुंगत होती, आणि एकेका बाईच्या तोंडाकडं बघत होती. रांगेलला तो चेहरा ओळखीचा वाटला. हा चेहरा त्यानं आतून कितीतरी वेळा घातला होता.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. "सगळ्या. तोत्का, तूसुद्धा." आणि त्यानं दार लावून घेतलं.

"नेदा, तू माझी लाज राखायला म्हणालीस?"

नेदानं पुन्हा आपले तळवे हुंगले.

"करपल्याचं तुला कळलं नाही ना?"

नेदानं बाहीतून रुमाल काढला, नाक पुसलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. "मला काहीच कळत नाही, ताते. कधीच नाही. गुलाबाचा नाही, लसणाचा नाही, जळक्याचा नाही. बालवाडीत पोरं कोपऱ्यात घाण करतात, मला दुसऱ्या बाई येऊन सांगतात."

"मग तो अहा?"

"तो तुझ्याकडून शिकले. लहानपणी भट्टीत बसून बघायचे ना. आधी तू डोळे मिटायचास, मग मान मागं टाकायचास, मग अहा म्हणायचास. मला किती वर्षं वाटायचं, डोळे नीट मिटले की वास येत असेल. माझेच नीट मिटत नसतील."

रांगेल तिच्याशेजारी बसला. "माझेही कधी मिटले नाहीत ग," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मलाही येत नाही. जन्मापासून. किना आजी सांगते, मी करतो."

"मग तू कुणाचं बघून शिकलास?"

"माझ्या बापाचं."

"आणि त्याला यायचा?"

"यायचा बहुतेक. आता मला कशाचीच खात्री देता येत नाही." आणि दोघं एकदम हसली, हसता हसता दोघांना एकदमच खोकला आला, आणि त्या खोकल्यात रांगेलला डॉक्टरचं नाणं आठवलं. निम्म्यांचं डावीकडंच पडतं. त्यांना कळतही नाही बिचाऱ्यांना. तीन महिने तो लेकीच्या डाव्या हृदयाकडं बघत बसला होता, आणि त्याचं जे होतं ते तिच्या नाकात होतं, छातीत होतं, बाहीतल्या रुमालात होतं. धुराचा काही संबंध नव्हता. हेच खोकणं, हेच नाक. दोघांकडूनही यावं लागतं म्हणाला होता डॉक्टर; तोत्का याच गावची, पण बोझिनोव राजधानीचा. कुठल्या बोझिनोवच्या बापाला हे देता आलं असतं?

पोर माझी आहे! आनंदानं त्याला ओरडावंसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याची त्यालाच इतकी शरम वाटली की मान वर करवेना. लेकीत आपलं काहीतरी सापडावं म्हणून तडफडला, आणि सापडलं ते हे. हिची छाती दर हिवाळ्यात भरणार, तरी हा बाप खूश! आणि तोत्का? ज्या बाईनं त्याला घोंगडीत गुंडाळून इस्पितळात नेलं, तिच्याविषयी तो गोठ्यात बसून काय काय विचार करत होता? हे तो तिला कधीच सांगणार नव्हता. सांगितलं तर ती माफ करेल अशी भीती होती.

"उद्या तू माझ्याबरोबर शहरात यायचं," तो म्हणाला. "तिथं एक डॉक्टर आहे. स्पासलाही घे."

"लग्न तीन दिवसांवर आलंय, ताते!"

"म्हणूनच." आणि मग त्यानं तिला जमेल तसं सांगितलं: नळ्या, न दिसणारे हात, वल्ही मारायची टोळी. तिच्या डोळ्यांत तो स्वतःसारखाच वेडा दिसत असणार, पण ती ऐकत होती. शेवटी त्यानं नाइलाजानं तेही सांगितलं, की असल्या माणसांना मूल व्हायला अडचण येते. बायकांचं नक्की काय ते त्याला माहीत नव्हतं, ते डॉक्टरलाच विचारायचं.

नेदानं रुमालाची घडी केली, उलगडली. "होतच नाही का?"

"मलाही तेच सांगितलं त्यानं. म्हणाला, तुम्हाला मूल होणार नाही." रांगेलनं तिच्या ओल्या, करपट गालावर हात ठेवला. "आणि तू माझ्यासमोर बसली आहेस."

दारावर धाडधाड आवाज झाला. तोत्का बाहेरून ओरडत होती, की अंगणात बायका ताटकळल्या आहेत, गुलाब अजून दोन टोपल्या शिल्लक आहेत, पाणी पुन्हा काढा, आणि या वेळी किना आजी आत बसेल, गेली ती रीत खड्ड्यात.

पुन्हा हंडा चढला. आजी स्टुलावर बसली. तिच्या गुडघ्याला एकदा ऊन लागलं, दोनदा थंडी वाजली. पाणी गळायला लागल्यावर तोत्कानं पहिली ओंजळ भरली आणि बापलेकीच्या नाकाखाली धरली. "आता बघा. कसा आहे वास?"

रांगेलनं नेदाकडं बघितलं, नेदानं रांगेलकडं. कुणीच डोळे मिटले नाहीत.

"काही कळत नाही," दोघंही म्हणाली.

तोत्काची ओंजळ हवेतच राहिली. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं, आणि कपाळावर हात मारून घेतला, त्यात सगळं पाणी सांडलं. "देवा! म्हणजे मी इतकी वर्षं कुणासाठी लसूण कमी घालत होते? दोघंही मेली सारखीच!"

"काय म्हणालीस?" रांगेल म्हणाला.

"काही नाही. जाळाकडं बघ."

"नाही, आम्ही दोघं कशी म्हणालीस ते. पुन्हा म्हण."